किमोच्या आधी एकदा जंतांचं बघून घ्या

थुंकीच्या स्लाईडवर जिवंत अळी मी आयुष्यात एकदाच बघितलीय, आणि तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. मी सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, सोळा वर्षं झाली. डॉक्टर नाही, त्यामुळे खाली औषधांबद्दल जे लिहितेय ते तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करायचं, पण मायक्रोस्कोपखाली काय दिसतं आणि काय सुटतं ते मी रोज बघते, तेवढं अधिकाराने सांगू शकते.

पेशंट मोहोळ तालुक्यातले, साठी ओलांडलेले, आपण त्यांना मामा म्हणू. जन्मभर उसाला पाणी पाजलेला माणूस. मानेत गाठी आल्या, तपासणीत लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर निघाला, किमो सुरू झाली. दुसरी सायकल झाली आणि पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, मग खोकला. घरच्यांना वाटलं किमोचा त्रास, आणि खरंच किमोत हे सगळं होतंच की, त्यात त्यांची काय चूक. शी तपासायला आमच्याकडे आली, मी एक स्लाईड बघितली, काही दिसलं नाही, ‘ओव्हा, सिस्ट नॉट सीन’, म्हणजे परजीवींची अंडी-कोष दिसले नाहीत, असा रिपोर्ट दिला. चार दिवसांनी त्यांचीच थुंकी आली, टीबी आहे का बघायला. थुंकी घट्ट होती, मधे रक्ताची बारीक रेघ, काय मनात आलं कुणास ठाऊक, मी एक थेंब सलाईनमध्ये घेऊन तसाच भिंगाखाली धरला. दहाच्या लेन्सवर एक बारीक दोरा वळत होता, सरळ व्हायचा, परत आकडा व्हायचा, मधे थांबायचा, परत पळायचा. साध्या डोळ्यांना न दिसणारा, अर्धा मिलीमीटर. छातीतून आलेल्या कफात अळी. मी खुर्ची मागे सारून उभीच राहिले.

त्या जंताचं नाव स्ट्रॉन्गिलॉइडिस. मराठीत त्याला घरोघरी माहीत असलेलं नावच नाही, आणि तो लक्षात न यायचं हेही एक कारण आहे असं मला वाटतं. पटकी, नारू, खरूज, सगळ्यांना नावं आहेत, ह्याला नाही.

हा शोध काही नवा नाही. १८७६ मध्ये नॉर्मांड नावाच्या फ्रेंच नौदलाच्या डॉक्टरने व्हिएतनामकडून परत आलेल्या, जुलाबाने बेजार झालेल्या सैनिकांच्या शौचात तो पहिल्यांदा बघितला. ह्याची अळी ओल्या, सावलीच्या मातीत राहते. अनवाणी पाय पडला की कातडीतून आत घुसते, बऱ्याचदा थोडी खाज सुटते आणि माणूस विसरून जातो. तिथून रक्तातून फुप्फुसात, फुप्फुसातून घशात, आपण नकळत ती गिळतो, मग आतड्यात जाऊन मादी होते, जेमतेम दोन मिलीमीटरची. हिला नराची गरज नसते, एकटीच अंडी घालते, आणि अंडी आतड्याच्या अस्तरातच फुटतात म्हणून शौचात अंडी येत नाहीत, अळ्या येतात.

आता खरी गोम. बाकीचे बहुतेक जंत पोटात वाढतात, अंडी बाहेर टाकतात आणि वय झालं की मरतात, नवीन जंत व्हायचे तर परत बाहेरून यावे लागतात. हा तसा नाही. ह्याच्या काही अळ्या बाहेर पडायच्या आधीच आतड्यात मोठ्या होतात आणि तिथूनच, नाहीतर गुदद्वाराजवळच्या कातडीतून, परत शरीरात शिरतात, पुन्हा तोच फेरा. म्हणजे माणूस स्वतःच स्वतःला लागण देत राहतो, वर्षानुवर्षं, मातीत एकदाही पाय न टाकता. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत राहून ब्रह्मदेश-थायलंड रेल्वेवर राबलेल्या सैनिकांमध्ये हा जंत चाळीस चाळीस वर्षांनी सापडलाय, मायदेशी परतून त्यांचं आख्खं आयुष्य गेल्यावर. तेव्हा ‘मी शेत सोडून वीस वर्षं झाली, आता पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो’ ह्याला काही अर्थ नाही. लहानपणी अनवाणी फिरला होता ना, मग विचारायलाच पाहिजे.

एवढी वर्षं मग माणूस धडधाकट कसा? कारण आपली प्रतिकारशक्ती त्याला मारून टाकत नसली तरी मोजकाच ठेवते. वाड्यात एक खोली अडवून बसलेला भाडेकरू असतो ना, जात नाही पण वाढतही नाही, तसं. पांढऱ्या पेशींमधल्या इओसिनोफिल नावाच्या पेशी हे पहाऱ्याचं काम करतात. कधी पोटात कळ, कधी अंगावर पित्त, कधी मांडीवर नाहीतर ढुंगणावर एक लाल रेघ येते आणि बघता बघता तासाला पाच-दहा सेंटीमीटर पुढे सरकते, ती अळीच असते कातडीखाली. पण बऱ्याच जणांना काहीच होत नाही.

आणि मग कॅन्सर होतो, स्टेरॉईड सुरू होतं, पहारा उठतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण लोकांना वाटतं किमोने पेशी कमी होतात म्हणून इन्फेक्शन होतं, एवढंच. बॅक्टेरियाच्या बाबतीत ते बरोबर आहे. ह्या जंताच्या बाबतीत मोठा गुन्हेगार किमोच्या जोडीला दिलेलं स्टेरॉईड असतं. आपलं शरीर रोज जे स्वतःचं स्टेरॉईड तयार करतं ते साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनएवढं. लिम्फोमाच्या चॉप नावाच्या किमोत रोज १०० मिलिग्रॅम, पाच दिवस, दर २१ दिवसांनी, म्हणजे वीसपट. मायलोमा ह्या हाडांतल्या मगजाच्या कॅन्सरमध्ये आठवड्याला ४० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देतात, पेशंट त्याला नुसतं ‘डेक्सा’ म्हणतात. रक्ताच्या कॅन्सरमध्ये लहान मुलांनासुद्धा सुरुवातीचे काही आठवडे रोज असतं. मेंदूला सूज आली तर डेक्सा, किमोची उलटी थांबवायला डेक्सा. ही औषधं जीव वाचवतात, ती नकोत असं मी अजिबात म्हणत नाहीये, कुणी हे वाचून गोळ्या बंद करू नका, स्टेरॉईड अचानक बंद करणं स्वतःच घातक आहे. मी एवढंच म्हणतेय की पहारेकरी उठवायच्या आधी आत कोण बसलंय ते बघा.

कारण पहारा उठला की मोजक्या अळ्यांच्या हजारो, लाखो होतात. स्टेरॉईड इओसिनोफिल तर दाबतंच, वर त्या अळ्यांनाही लवकर मोठं व्हायचा इशारा मिळतो असं मानतात. ह्याला हायपरइन्फेक्शन म्हणतात. अळ्या आतड्याची भिंत फोडून निघतात आणि जाताना अंगाला आतड्यातले बॅक्टेरिया घेऊन जातात, म्हणजे घाणीतून चालत आलेल्या पायांनी देवघरात शिरावं तसं. ते बॅक्टेरिया रक्तात, फुप्फुसात, मेंदूच्या आवरणात. पेशंटला ताप येतो, ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, ई-कोलाय नाहीतर क्लेब्सिएला हे आतड्यातले बॅक्टेरिया उगवतात, अँटिबायोटिक चढतं, दोन दिवस बरं वाटतं, परत ताप, कारण बॅक्टेरिया मारला तरी त्याला वाहून आणणारा आत फिरतोच आहे. वेळेत ओळखलं नाही तर बहुतेक पेशंट जातात, आणि ओळखून उपचार सुरू केले तरी पुष्कळ जातात. मामा सुद्धा गेले, अळी सापडल्यावर नवव्या दिवशी.

माझ्या पहिल्या रिपोर्टबद्दल मी खूप विचार केलाय. तो खोटा नव्हता, त्या स्लाईडवर खरंच काही नव्हतं. पण एका नमुन्याची एक स्लाईड बघून हा जंत निम्म्याहून जास्त वेळा सुटतो हे मला शिकवलेलं होतं आणि मी त्या रिपोर्टवर ‘अजून नमुने पाठवा’ एवढी ओळ लिहिली नव्हती. आता लिहिते.

तर कशाकशाने तो चकवतो ते सांगते. पहिलं म्हणजे सीबीसीतले, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या साध्या तपासणीतले, इओसिनोफिल. जंत असले की ते वाढतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण स्टेरॉईड चालू असताना ते वाढतच नाहीत, कधी शून्यावर असतात, आणि पेशंट जितका गंभीर तितकी ती आशा कमी. तेव्हा ‘इओसिनोफिल नॉर्मल आहेत, जंत नाहीत’ हा हिशोब किमोच्या पेशंटला लागू नाही. किमो सुरू व्हायच्या आधीचे, मागच्या दोन-तीन वर्षांचे जुने सीबीसी रिपोर्ट काढून बघा, तेव्हा वाढलेले असतील तर ती खूण आहे. अर्थात दम्याने, अ‍ॅलर्जीनेही वाढतात, म्हणून खूणच, पुरावा नाही.

दुसरा चकवा दम लागण्याचा. अळ्या फुप्फुसातून जातात तेव्हा छातीत सूं-सूं वाजतं, दम्यासारखं. दमा समजून अजून स्टेरॉईड दिलं जातं आणि आगीत तेल पडतं. तिसरा म्हणजे पोट फुगणं, आतडं थंड पडणं, संडास-गॅस बंद होणं, जे किमोच्या खात्यावर जातं. ह्यातच बेंबीच्या आजूबाजूला अंगठ्याचे ठसे उमटल्यासारखे जांभळे डाग दिसले तर ते मात्र फार बोलकं लक्षण आहे, अंघोळ घालताना, कपडे बदलताना घरच्यांनाच ते आधी दिसतात, फोटो काढून लगेच दाखवा.

चौथा चकवा सगळ्यात घरगुती. ‘ताई, जंताची गोळी घेतलीय की मागच्याच वर्षी.’ ती गोळी अल्बेंडाझोल. शाळेत फेब्रुवारीत जंतनाशक दिनाला मुलांना देतात तीच, ४०० मिलिग्रॅम. चांगली गोळी आहे, गोल जंतावर काम करते, पण ह्या जंतावर तिचा एक डोस फार कमी पडतो. ह्याचं खरं औषध आयव्हरमेक्टिन. ते जपानमधल्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून निघालं आणि त्याबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल ह्यांना २०१५ चं नोबेल मिळालं. कोविडमध्ये ह्या गोळीवरून जो गोंधळ झाला त्यामुळे लोक नाव ऐकलं की एकतर हसतात नाहीतर दुकानातून स्ट्रिप आणून स्वतःच घेतात, दोन्ही करू नका. कोविडवर तिचा उपयोग सिद्ध झाला नाही, ह्या जंतावर मात्र तीच पहिली गोळी आहे. वजनाच्या किलोला २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम. जंत शांत बसलेला असताना एक-दोन डोसात काम होतं. हायपरइन्फेक्शन झालं की तीच गोळी रोज, कित्येक दिवस, शी आणि थुंकी दोन आठवडे साफ येईपर्यंत द्यावी लागते, आणि तरी खात्री नसते. दोन गोळ्यांचं काम आयसीयूवर जातं, हा फरक मला सगळ्यांना ओरडून सांगावासा वाटतो.

आपल्या भागात हे एवढं का सांगायचं? कोरड्या रानात ही अळी टिकत नाही, तिला ओल लागते, आणि उजनी धरणाचं पाणी आल्यापासून जिल्ह्यात उसाची ओल बारमाही झालीय, पाटाच्या पाण्यात अनवाणी उभं राहणारी माणसं तीच, उघड्यावर जायची सवय होती तीही तिथेच. दुसरीकडे बार्शीला १९८७ पासून आसपासच्या खेड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते, देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. म्हणजे खेड्यातल्या माणसाला कॅन्सर होतो हे आपल्या जिल्ह्याला फार आधी कळलंय. किमोच्या खुर्च्यांवर बसलेल्यांचे पाय बघा, टाचांना भेगा, भेगांत काळी माती. त्या पायांचा इतिहास फाईलमध्ये कुठेच लिहिलेला नसतो, तो तुम्ही सांगायचा आहे. डॉक्टरांपुढे गेल्यावर एवढंच बोला: ‘आम्ही शेतात अनवाणी काम केलंय, स्टेरॉईड सुरू करायच्या आधी स्ट्रॉन्गिलॉइडिसचं बघायचं का?’ नाव अवघड आहे, कागदावर लिहून न्या. ते तपासणी सांगतील, किंवा धोका जास्त वाटला तर आधीच गोळी देतील, दोन्ही चालतं.

आणखी एक, गुडघेदुखीच्या पुड्या. गावाकडे मिळतात, बांधून दिलेल्या, घेतल्या की तासाभरात माणूस पळायला लागतो. असल्या पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉईड मिसळलेलं सापडतं. कुणी खात असेल तर तेही लपवू नका, कुणी रागावणार नाही.

तपासणीचं सांगते, हे माझं खातं. शीची डबी कोरडी, झाकण घट्ट, लघवी मिसळलेली नको. दोन-तीन तासांत लॅबमध्ये आणा. फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीने अळ्या मरतात नाहीतर सुस्त पडतात आणि मग सापडत नाहीत. आदल्या दिवशीची शिळी पण नको, कारण दुसरा एक जंत असतो, अंकुशकृमी, त्याची अंडी बाहेर राहिली की दिवसभरात फुटतात आणि त्याची अळी दिसायला अगदी सारखीच. मग आम्ही तोंडाची नळी बघत बसतो, आखूड असेल तर हा, लांब असेल तर अंकुशकृमी, आयोडीनचा थेंब टाकला की अळी मरून सरळ होते आणि हे नीट दिसतं. एक डबी पुरत नाही, वेगवेगळ्या दिवशीच्या निदान तीन द्या. मोठ्या लॅबमध्ये आगर प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या बशीवर, शी ठेवतात, दोन दिवसांनी बघितलं तर अळ्या चालत गेलेल्या वाटेवर बॅक्टेरियाच्या नक्षीदार रेघा उगवलेल्या असतात, पावसानंतर अंगणात गांडुळाची रेघ दिसते ना, अगदी तशी. रक्तातून अँटिबॉडीची टेस्टही होते, पण प्रतिकारशक्ती पार खालावलेली असेल तर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

बाकीचे परजीवी थोडक्यात, पण सोडून देण्यासारखे नाहीत. क्रिप्टोस्पोरिडियम पाण्यातून येतो, चार-सहा मायक्रॉनचा, म्हणजे मिलीमीटरच्या हजाराव्या भागात मोजायचा, आणि क्लोरीनला दाद देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत मिल्वॉकी शहराच्या नळाच्या पाण्यातून तो चार लाखांच्या आसपास लोकांना झाला होता. धडधाकट माणसाला आठ-पंधरा दिवस जुलाब होऊन थांबतात, किमोच्या किंवा बोन मॅरो (हाडातला मगज) बदललेल्या पेशंटला महिनोन्महिने पाण्यासारखे जुलाब लागतात आणि खात्रीचं औषध नाही. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड, घरोघरी बॅरल आणि हौद, तांब्या बुडवून घ्यायची सवय. तुरटी नाहीतर क्लोरीनचे थेंब टाकून हा मरत नाही, पाणी खळखळ उकळलं की मरतो, मिनिटभर उकळी पुरते. पेशंटचं पिण्याचं पाणी वेगळ्या हंड्यात, उकळून, झाकून, ओगराळ्याने काढायचं, दात घासायलाही तेच. आणि साध्या शी तपासणीत हा दिसत नाही, वेगळा रंग द्यावा लागतो, म्हणून चिठ्ठीवर नाव लिहिलेलं असलं तर आम्ही बघतो, नाहीतर नाही.

टॉक्सोप्लाझ्मा मांजराच्या विष्ठेतून आणि कच्च्या राहिलेल्या मटणातून येतो, स्नायूंत आणि मेंदूत गाठी करून जन्मभर झोपतो, मुख्यतः बोन मॅरो बदलल्यावर उठतो आणि झटके, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं वागणं असं दिसतं. ट्रान्सप्लांटच्या आधी त्याची रक्ततपासणी करतात. मटण शिजू द्या, मांजराची घाण पेशंटने काढू नये, कोथिंबीर, गाजर, मुळा मातीसकट आलेला असतो तो नीट धुवा, आणि पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चं नकोच. भाकरी, शेंगाचटणी आणि वाफवलेली भाजी खाल्ली तर चालतंय की. अमिबाचं एवढंच लक्षात ठेवा की रक्तमिश्रित आव पडत असेल तर ते अंगावर काढून स्टेरॉईड सुरू करू नका, तो आतड्याला भोक पाडू शकतो.

आणि किमो चालू असताना १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर सकाळची वाट बघायची नाही, क्रोसिन देऊन झोपवायचं नाही, रात्री दोन वाजता सुद्धा सरळ दवाखाना. जंत असो नसो.

मामांच्या मामी दोन महिन्यांनी लॅबमध्ये आल्या होत्या. बिल राहिलंय का विचारायला आल्या, नव्हतं राहिलं. मी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि म्हटलं मामी, तुम्ही पण त्याच पाटात उभ्या राहायच्या ना. म्हणाल्या, ‘चाळीस वरसं. पण मला काय धाड भरलीया, मला कुठं कॅन्सर हाय.’ खूप समजावल्यावर डबी घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने ती घेऊन आल्या, पदरात गुंडाळून. दुसऱ्या स्लाईडवर अळी दिसली. डॉक्टरांनी गोळी दिली, घरातल्या दोन्ही सुनांना पण तपासायला सांगितलं. त्यानंतर मामींच्या तीन डब्या मी स्वतः बघितल्या, प्रत्येकीच्या चार-चार स्लाईड, काही दिसलं नाही. दिवाळीनंतर अजून एक आणायला सांगितलीय.